काखेत कळसा : सांख्यिकी सॉफ्टवेअरची ‘मदत’ आणि तिचे बंद दार

पुढील आठ संख्या घ्या : २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. अकरावीच्या पुस्तकातील रीतीने त्यांचे प्रमाण विचलन काढा. सरासरी ५ येते. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३२ येते. तिला ८ ने भागले की ४ आणि त्याचे वर्गमूळ २. आता याच आठ संख्या ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरला द्या आणि प्रमाण विचलन विचारा. उत्तर येते २.१३८०९.

वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारतो, “सर, बरोबर कोण? पुस्तक की संगणक?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तरही दूर नाही. ‘आर’च्या मदत-पानावर एका ओळीत ते दिलेले आहे : येथे भाजक म्हणून संख्यांची एकूण गणती नव्हे, तर त्याहून एक कमी घेतलेला आहे. म्हणजे ३२ ला ८ ऐवजी ७ ने भागले आहे. पुस्तकही बरोबर आणि संगणकही बरोबर. दोघांनी विचारात घेतलेले प्रश्न वेगळे. आठ संख्या हीच सगळी समष्टी मानली तर ८ ने भागायचे. त्या एखाद्या मोठ्या समष्टीतून घेतलेला नमुना आहेत असे मानून समष्टीविषयी अंदाज करायचा असेल तर ७ ने भागायचे. सांख्यिकीतील एका मूलभूत कल्पनेचे दार या लहानशा फरकातून उघडते.

पण शिक्षक मदतीची आज्ञा देतात आणि ब्राउझर उघडून त्यात कोरे पान दिसते. “या पत्त्यावर पोहोचता येत नाही,” असा काहीसा संदेश येतो. प्रयोगशाळेतील सर्वांचा निष्कर्ष ठरलेला असतो : “आज नेट नाही.” तास संपतो. दोघांपैकी कोणीतरी चूक आहे, एवढीच समजूत घेऊन विद्यार्थी घरी जातो.

या लेखात आम्ही ‘आर’च्या मदत-पानांचे परीक्षण करणार आहोत. परीक्षण पुस्तकाचे होते, प्रयोगसाहित्याचे होते, कधी चित्रफितीचेही होते. मदत-पानांचे सहसा कोणी करत नाही. वास्तविक ज्या शिक्षकाला सांख्यिकीचा तज्ज्ञ हाताशी नाही, त्याच्यासाठी ही पानेच गुरुस्थानी असतात. ती उघडतात का, आणि उघडल्यावर समजतात का, हे दोन्ही प्रश्न म्हणूनच शिक्षणाचे आहेत. आम्ही दोन्ही विचारात घेणार आहोत.

(एक सूचना : आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात आणि आकडेही इंग्रजी घ्यावेत. अपवाद असेल तेथे तसे सांगितले आहे.)

मदत राहते कोठे?

‘आर’चा जन्म न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात झाला. रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन सांख्यिकी-शिक्षकांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते लिहायला घेतले. १९९५ मध्ये ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले झाले आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी त्याची १.०.० ही आवृत्ती आली. ते विनामूल्य आहे, त्याची प्रत कोणालाही देता येते. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या सांख्यिकी अभ्यासक्रमात त्याला स्थान मिळाले. सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख या पुण्यातील प्राध्यापकांचे ‘स्टॅटिस्टिक्स यूजिंग आर’ हे पुस्तक २००८ साली निघाले. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली असल्याने सांख्यिकीच्या पदवीधर शिक्षकांना ‘आर’ अपरिचित नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘आर’ संगणकावर बसवले की त्याची मदत-पानेही त्याच संगणकाच्या तबकडीवर येऊन बसतात. ती वाचण्यासाठी इंटरनेट लागत नाही. ज्या गावात वीज आली की नेट जाते आणि नेट आले की वीज जाते, त्या गावातील शाळेसाठी ही केवढी मोठी सोय आहे! कित्येक व्यापारी सॉफ्टवेअरची मदत आता निर्मात्याच्या संकेतस्थळावरच ठेवलेली असते. जोडणी नसली की मदत नाही. ‘आर’ने तसे केलेले नाही, आणि आमच्या परीक्षणात या गोष्टीला पहिले आणि मोठे गुण आहेत.

मग पान उघडत का नाही? कारण पान घरातच असले तरी ते वाचकाच्या हाती देण्याचे काम ब्राउझरकडे सोपवलेले आहे. ब्राउझर म्हणजे इंटरनेट असे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. म्हणून ब्राउझरमध्ये काही उघडले नाही की आपण खिडकीबाहेरच्या मनोऱ्याकडे पाहतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण या प्रसंगासाठीच बनवली असावी!

स्वतःलाच पाठवलेले पत्र

मदतीची आज्ञा दिल्यावर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे नीट पाहा. तेथे १२७.०.०.१ असा पत्ता आणि त्यापुढे विसर्गचिन्हानंतर एक चार-पाच आकडी संख्या दिसेल. जगातील प्रत्येक संगणकासाठी १२७.०.०.१ या पत्त्याचा अर्थ एकच : ‘मी स्वतः’. या पत्त्यावर पाठवलेली विचारणा संगणकाबाहेर पडतच नाही. पुढची संख्या म्हणजे पोर्ट, म्हणजे त्या घरातील दाराचा क्रमांक. ‘आर’ सुरू असताना ते आपल्यातच एक छोटा सर्व्हर चालू करते आणि एका दारापाशी बसून राहते. ब्राउझर त्या दारावर येऊन पान मागतो. ‘आर’ ते पान त्याच क्षणी तयार करून देते.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की पान न उघडण्याची कारणे तर्कानेच शोधता येतात.

पहिले कारण : ‘आर’ बंद आहे. दाराशी बसणाराच उठून गेला तर पान देणार कोण? काल उघडलेले पान ब्राउझरच्या टॅबमध्ये तसेच ठेवून आज त्यातील दुव्यावर टिचकी मारली तर ते उघडणार नाही. पानाची खूण, म्हणजे बुकमार्क, करून ठेवण्याचाही उपयोग नाही; कारण ‘आर’ पुन्हा सुरू केले की दाराचा क्रमांक साधारणतः बदलतो. दर वेळी ‘आर’मधूनच नव्याने आज्ञा द्यावी लागते.

दुसरे कारण : ‘आर’ दुसऱ्या कामात गुंतले आहे. पान तयार करणारा आणि गणित करणारा एकच. एखादे लांबलचक गणित चालू असेल तर ते संपेपर्यंत पान ताटकळते.

तिसरे कारण : प्रॉक्सी. संस्थांच्या प्रयोगशाळांत हे हमखास विचारात घ्यावे. तेथे पुष्कळदा सर्व संगणकांचे ब्राउझर एका मधल्या संगणकामार्फत बाहेर जातील अशी योजना असते. एक दृष्टान्त घेऊ. गावातील प्रत्येक पत्र तालुक्याच्या टपाल कचेरीतूनच जाईल, असा नियम केला. आता एकाने पत्त्याच्या जागी ‘माझे घर’ एवढेच लिहून पत्र टाकले. ते तालुक्याला गेले. तेथील कारकुनाने ‘माझे घर’ वाचले आणि आपल्या स्वतःच्या घरी चौकशी केली. तेथे अर्थातच असे पत्र घेणारे कोणी नाही. प्रॉक्सीकडे गेलेल्या १२७.०.०.१ ची नेमकी हीच गत होते. उपाय सोपा आहे. ब्राउझरच्या किंवा विंडोजच्या प्रॉक्सीविषयक मांडणीत ‘या पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नका’ अशी जागा असते. तेथे १२७.०.०.१ आणि लोकलहोस्ट ही दोन नावे लिहावीत.

चौथे कारण : राखणदार. विषाणुरोधक सॉफ्टवेअर किंवा फायरवॉल अनोळखी दार उघडलेले पाहून ते बंद करते. प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला सांगून ‘आर’ला परवानगी द्यावी लागते.

पाचवे कारण : ब्राउझरच सापडत नाही. विशेषतः लिनक्सवर कोणता ब्राउझर उघडायचा याची नोंद ‘आर’पाशी असते. तो ब्राउझर नंतर काढून टाकलेला असला तर आज्ञा दिल्यावर काहीच घडत नाही. ही नोंद बदलता येते.

याखेरीज एक प्रकार असा की, जो दिसायला सारखा पण मुळात वेगळा आहे. ज्या आज्ञेविषयी विचारले तिचे पॅकेज स्मृतीत आणलेलेच नसेल, तर ‘आर’ “अशा नावाची माहिती सापडली नाही” असे सांगते. येथे दार उघडे आहे, पण मागितलेले पुस्तक कपाटातून काढलेले नाही. अशा वेळी एका प्रश्नचिन्हाऐवजी दोन प्रश्नचिन्हे देऊन शोधावे. संगणकावर बसवलेल्या सर्व पॅकेजांत तो शब्द धुंडाळला जातो.

एक निर्णायक प्रयोग

पाच कारणांपैकी खरे कोणते, हे ठरवायचे कसे? सरसकट सर्व उपाय एकदम करून पाहण्याची आपल्याला सवय असते. ‘आर’ काढून पुन्हा बसवायचे, ब्राउझर बदलायचा, संगणक बंद-चालू करायचा. कधी पान उघडतेही. पण कशामुळे उघडले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलावे, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. तेच येथे करावे.

पहिला प्रयोग : इंटरनेटची तार काढा किंवा वाय-फाय बंद करा आणि मदतीची आज्ञा द्या. धडधाकट संगणकावर पान उघडते. ‘नेट नाही’ हे गृहीतक या एका निरीक्षणाने खोटे ठरते. विद्यार्थ्यांसमोर हे अवश्य करून दाखवावे.

दुसरा प्रयोग : ऑप्शन्स(हेल्प_टाइप = "टेक्स्ट") ही आज्ञा द्या आणि मग पुन्हा मदत मागा. आता पान ब्राउझरला वगळून साध्या मजकुराच्या रूपात दिसते. ते दिसले, तर मदत शाबूत आहे आणि दोष ‘आर’ व ब्राउझर यांच्यामधल्या वाटेवर आहे, असे सिद्ध होते. दिसले नाही, तर दोष ‘आर’च्या स्थापनेत आहे. एका प्रयोगाने शक्यतांचे दोन गट पडले आणि एक गट बाद झाला. शिवाय, वाट दुरुस्त होईपर्यंत काम अडत नाही. तास चालू असताना शिक्षकाने एवढी एकच आज्ञा लक्षात ठेवली तरी पुरे.

आरस्टुडिओ हे सहायक सॉफ्टवेअर वापरत असाल, तर मदत त्याच्याच एका चौकटीत उघडते आणि ब्राउझरच्या तक्रारी बऱ्याच कमी होतात. तसेच विंडोजवर ‘आर’च्या फोल्डरमध्ये ‘डॉक’ आणि त्यात ‘मॅन्युअल’ नावाचा फोल्डर असतो. प्रास्ताविक पुस्तिका तेथे पीडीएफ स्वरूपात ठेवलेली असते. तिला सर्व्हर लागत नाही.

दोष कोणाचा?

येथवर आम्ही दुरुस्ती सांगितली. पण परीक्षणाचे काम दुरुस्तीपाशी संपत नाही. ही वेळ मुळात का यावी, असे विचारणे भाग आहे.

पूर्वी ‘आर’ची मदत-पाने तबकडीवर तयार स्वरूपात असत आणि ब्राउझर ती धारिका सरळ उघडत असे. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या २.१०.० या आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. पाने मागणीनुसार तयार होऊ लागली आणि त्यासाठी वर वर्णन केलेला सर्व्हर आला. निर्णयामागे कारण होते. ‘आर’मध्ये हजारो लोकांनी लिहिलेली पॅकेजे जोडता येतात. नवे पॅकेज आले, जुने गेले, की तयार पानांमधील एकमेकांकडे जाणारे दुवे तुटत. आता पान त्या क्षणी बनत असल्याने दुवे शाबूत राहतात आणि शोधही नीट होतो. ही सोय खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

पण तिची किंमत कोणी मोजली? ज्याच्या संगणकाची मांडणी स्वतःच्या हातात आहे अशा संशोधकाला ती जाणवलीही नसेल. संस्थेच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याने ठरवलेल्या प्रॉक्सीमागे बसलेल्या शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला मात्र ती पूर्ण मोजावी लागली. नवशिक्याला मदतीची गरज सर्वाधिक आणि बंद दार त्याच्याच वाट्याला, असा हा उलटा हिशेब आहे.

दुसरा आक्षेप मौनाविषयी आहे. मदतीची पहिली आज्ञा दिली की ‘आर’ आपल्या खिडकीत सर्व्हर सुरू झाल्याचे सांगते. त्याच्या दृष्टीने काम संपले. ब्राउझर सांगतो की, या पत्त्यावर कोणी नाही. त्याचेही काम संपले. दोघेही खरे बोलतात, पण मधल्या वाटेची जबाबदारी कोणाचीच नाही. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवले जावे, तसा हा अनुभव आहे. “पान दिसत नसल्यास अमुक आज्ञा देऊन मजकूर रूपात पाहा,” एवढी एक ओळ ‘आर’ने तेथेच लिहिली असती तर कितीतरी तास वाचले असते. ही माहिती ‘आर’च्या दस्तऐवजांत आहे. पण ती आहे कोठे? मदत-पानांवरच! बंद खोलीची किल्ली त्याच खोलीत ठेवल्यासारखे हे झाले.

तिसरा आक्षेप : विंडोजवर ‘आर’ बसवताना मदत ब्राउझरमध्ये हवी की मजकूर रूपात, हे निवडता येते. पण शाळा-महाविद्यालयांत बसवणारा एक आणि वापरणारा दुसरा असतो. निवड पहिल्याने करायची आणि परिणाम दुसऱ्याने भोगायचे. लिनक्सवर मूळ निवड साध्या मजकुराची असते, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

हा दोष एकट्या ‘आर’चा मात्र नाही. विंडोजवरील जुन्या पद्धतीच्या मदत-धारिका व्हिस्टा या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, आपोआप उघडेनाशा झाल्या. त्यानंतरच्या पद्धतीच्या धारिका २००५ च्या सुरक्षा-सुधारणेनंतर जाळ्यावरील दुसऱ्या संगणकावरून उघडल्यास कोऱ्या दिसू लागल्या. मजकूर तोच, ज्ञान तेच. ते उघडण्याची रीत तेवढी दर काही वर्षांनी कालबाह्य होते.

दार उघडल्यावर

आता पान उघडले असे समजू. आत काय आहे?

प्रत्येक पानाची बांधणी ठरावीक असते : वर्णन, वापर, द्यावयाच्या गोष्टी, तपशील, मिळणारे उत्तर, संदर्भ आणि शेवटी उदाहरणे. ही शिस्त वाखाणण्यासारखी आहे. एका पानाची सवय झाली की हजार पाने वाचता येतात. उदाहरणे तशीच चालवून पाहता येतात, हा दुसरा गुण.

सरासरीचे पान घेऊ. त्यातील उदाहरण फार सुरेख आहे. शून्य ते दहा हे अकरा आकडे आणि बारावा एकदम पन्नास. साधी सरासरी येते ८.७५. म्हणजे बारांपैकी नऊ संख्या सरासरीच्या खाली! मग दोन्ही टोकांची एकेक संख्या छाटून सरासरी काढली की ५.५ येते. एकटा पन्नास सगळ्यांना वर ओढत होता.

हे उदाहरण नगर जिल्ह्यासाठीच लिहिले असावे असे वाटते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असा हा जिल्हा. त्याच्या पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा कणा, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, आणि घाटघर-रतनवाडीचा परिसर, जेथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेच पाणी १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात साठते. डोंगर ओलांडून पूर्वेकडे आले की पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. पाण्याच्या ताळेबंदासाठी नाव झालेले नगर तालुक्यातील हिवरे बाजार सुमारे चारशे मिलिमीटर पावसावर आपला हिशेब मांडते. अशा जिल्ह्याच्या सर्व नोंदींची एकच सरासरी काढली आणि तिच्यावरून पाथर्डीच्या शेतकऱ्याला पिकाचा सल्ला दिला तर काय होईल? सरासरीच्या पानावरील तो ‘पन्नास’ म्हणजे आपले घाटघर.

पण पान यातले काहीच सांगत नाही. छाटलेली सरासरी कशी काढायची ते सांगते. कधी आणि का काढायची, याविषयी मौन. उलट पहिल्याच वाक्यात संगणकशास्त्रातील असे पारिभाषिक शब्द येतात की, ज्याला सरासरी म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यालाही आपल्याला ती ठाऊक नसावी असे वाटू लागते!

गाळलेल्या नोंदींचे पाहा. पर्जन्यमापकाच्या वहीत चार दिवसांची नोंद आहे : १२, ०, कोरी जागा, ३०. सरासरी विचारली तर ‘आर’ संख्या देतच नाही. ‘उपलब्ध नाही’ या अर्थाची दोन अक्षरे देते. हे वागणे आम्हांला अत्यंत प्रामाणिक वाटते. जे मोजलेच नाही त्याविषयी यंत्राने अंदाज बांधू नये. मदत-पान सांगते की, एनए.आरएम = ट्रू (येथे ‘ट्रू’ मोठ्या अक्षरांत लिहावे) असे लिहिल्यास कोऱ्या जागा वगळल्या जातील. वगळल्यावर सरासरी येते १४. कोऱ्या जागी शून्य भरले असते तर आली असती १०.५. कोणती खरी? त्या दिवशी नोंद का राहिली, यावर ते अवलंबून आहे. सुटी होती म्हणून राहिली, की पावसाने वाट बंद झाली म्हणून? दुसरे असेल तर वगळलेला दिवस कदाचित सर्वांत जास्त पावसाचा होता! आणि सरासरीऐवजी एकूण बेरीज काढताना कोऱ्या जागा वगळल्या तर महिन्याचा पाऊस निश्चितच कमी दिसेल किंवा फार तर तेवढाच राहील, जास्त कधीच नाही. मदत-पान कळ कोणती दाबायची ते सांगते, पण दाबण्यापूर्वी काय विचारायचे ते सांगत नाही.

चतुर्थकांच्या बाबतीत तर नऊ रीती दिलेल्या आहेत. पुस्तकातील रीत सहाव्या क्रमांकाची, तर ‘आर’ आपणहून सातवी वापरते. म्हणजे पुन्हा पुस्तक आणि संगणक यांची उत्तरे जुळत नाहीत. येथे पान संपूर्ण माहिती देते, पण शाळेतील वाचक त्या नऊ रीतींच्या गर्दीत हरवतो.

एका जुन्या पुस्तकाची आठवण

मदत कशी असावी याचा नमुना फार दूर शोधायला नको. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचे ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केले. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. शेतीवरील प्रयोगांची मांडणी आणि आकडेमोड शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हे पुस्तक हाताळले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ज्या प्रकारचे पीकप्रयोग चालतात, त्यांची सांख्यिकी भाषा भारतात रुजवणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. पुस्तकाच्या नावातच वाचक कोण ते सांगितले आहे : शेतीक्षेत्रात काम करणारा. सांख्यिकीचा तज्ज्ञ नव्हे. आधी शेतातला प्रश्न, मग रीत, मग आकडेमोड.

तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे आम्ही जाणतो. मदत-पान म्हणजे शब्दकोश. त्याने पाठ्यपुस्तक व्हावे ही अपेक्षा नसते. पण शब्दकोशही सुरुवातीला आपला वाचक ठरवतो. ‘आर’ची पाने जणू त्या आज्ञेच्या निर्मात्याने स्वतःच्या टिपणासाठी लिहिली आहेत, असे पुष्कळदा वाटते. शिवाय ‘आर’चे इशारे आणि संदेश अनेक भाषांत आले असले तरी त्याच्याबरोबर येणारी मदत-पाने इंग्रजीतच आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे दुसरे दार पुन्हा बंदच.

आपल्या हाती काय आहे?

आमचे मत थोडक्यात असे : ‘आर’ची मदत विश्वासार्ह आहे, संपूर्ण आहे आणि आपल्या घरातच आहे. तिच्याकडे नेणारी वाट मात्र नाजूक आहे, आणि ती बंद पडल्याचे वाचकाला धड कळत नाही. आतील मजकूर अचूक आहे, पण तो जाणत्यासाठी लिहिलेला आहे. यापैकी वाटेचा दोष शिक्षकाला आजच दूर करता येतो. मजकुराचा दोष दूर करायला वर्ग आहेच.

जूनमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर इंटरनेट बंद करून प्रमाण विचलनाचे मदत-पान उघडून पाहावे. ज्यावर उघडणार नाही त्यावर खूण करावी आणि वरील पाच कारणे क्रमाने तपासावीत. मजकूर रूपातील मदतीची आज्ञा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी.

मग विद्यार्थ्यांच्या गटांना एकेक आज्ञा वाटून द्यावी : सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, चतुर्थक, बेरीज. प्रत्येक गटाने मूळ पान वाचून त्याचे मराठी मदत-पान एका पाठपोट कागदावर तयार करावे. त्यात पाच गोष्टी असाव्यात : ही आज्ञा काय करते, कधी वापरावी, कधी वापरू नये, पुस्तकातील रीतीपेक्षा उत्तर वेगळे का येऊ शकते, आणि आपल्या तालुक्यातील पावसाच्या आकड्यांवर केलेले एक उदाहरण. महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी कृषी विभाग प्रसिद्ध करतो, तेव्हा आकड्यांची वाण नाही. ‘कधी वापरू नये’ हे कलम लिहिताना विद्यार्थ्यांना सर्वाधिक विचार करावा लागेल, कारण मूळ पानावर ते आयते मिळणार नाही. तेथे शिक्षकांनी थोडे थांबावे, उत्तर लगेच देऊ नये.

अशी दहा-बारा पाने जमली की ती शिवून प्रयोगशाळेत ठेवावीत. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला २ आणि २.१३८०९ यांतला फरक कळण्यासाठी प्रॉक्सी किंवा पोर्ट यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागणार नाही.